खडीच्या ढिगावरची टिटवी

मार्थाबाई त्रिभुवन यांनी पिशोरला तीस वर्षं नर्सची नोकरी केली. रिटायर होऊन गारखेड्यात राहायला आल्या आणि वर्षाच्या आत नवरा, योहान, गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "प्रभू सगळं नवं करतो, बाई." महिनाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एकाला विचारलं, "कुठं करतो? मला दाखवा." तो अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

त्याच रागात त्या रोज सकाळी कबरस्तानात जाऊन बसायला लागल्या. नर्सची सवय, म्हणून दिसेल ते तारीख घालून वहीत लिहायचं. पावसाळ्यात कबरी गवतात बुडाल्या, गवतात मुनियांनी घरटी केली. दिवाळीच्या आधी धोबी पक्षी आले, शेपट्या हलवत कबरींवरून फिरले आणि उन्हं तापायला लागल्यावर निघून गेले. कडुनिंबानं पानं गाळली, पुन्हा पालवी धरली. "हे सगळं परत येतं, माणूस येत नाही," त्यांनी लिहिलं. "मग पाळकसाहेब दरवर्षी ईस्टरला कडुनिंबाचंच उदाहरण का देतात?"

यंदा मार्चमध्ये योहानच्या कबरीपासून दोन हातांवर टिटवीनं उघड्या जमिनीवर चार अंडी घातली. घरटं म्हणजे नुसते चार खडे.

"एवढी जागा पडलीये आणि ही बया वाटेवर बसली," मार्थाबाई वैतागल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या छत्री घेऊन तिथंच बसू लागल्या.

चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी अभय ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेसाठी तिथं ब्लॉक बसवणार होता. खडीचा ट्रक आधीच रिकामा झालेला.

"काकू, टिटवी अपशकुनी असते म्हणतात," तो म्हणाला.

"पवित्र शास्त्रात कुठं लिहिलंय? सेक्रेटरी ना तू?"

अभयनं काम पुढं ढकललं. पण उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी राखणदार हैदर फाटकातच भेटला. "बाई, अंडी गेली. मुंगूस आलं होतं."

मार्थाबाईंनी फुटकी टरफलं पाहिली. त्या दिवशी चर्चमध्ये भक्तीला गेल्या, पण एकही गीत म्हटलं नाही. ईस्टरला पहाटे पाळकसाहेब कडुनिंबाकडं हात करून म्हणाले, "बघा, मेलेलं झाड जिवंत झालं."

"मेलं नव्हतंच ते," मार्थाबाई म्हणाल्या. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं.

एप्रिल संपता संपता टिटवीनं पुन्हा अंडी घातली. या वेळी अभयच्या खडीच्या ढिगावर. मार्थाबाईंनी त्याला फोन केला. तो आला, ढिगाकडं पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "लई झालं हे आता, काकू." तरी मुंगूस येऊ नये म्हणून त्यानंच सभोवार जाळी लावली, पक्ष्यांना वरून जाता येईल अशी.

मे महिन्यात खडी हात लावू देईना. हैदर पसरट घमेल्यात पाणी भरून ठेवायचा. टिटव्यांची जोडी पाळीपाळीनं त्यात पोट भिजवायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर जाऊन बसायची. मार्थाबाईंनी मोजलं: दुपारी बारा ते तीन, अकरा वेळा. त्या संध्याकाळी वहीत लिहिलं, "चार गेली म्हणून ही थांबली नाही. मी असते तर थांबले असते. मला हे पटत नाही, पण दिसलं ते लिहिते." मग खाली बऱ्याच वेळानं, "प्रभू, हेच दाखवायचं होतं तर सरळ सांगायचं. मुंगूस कशाला?"

तीन पिल्लं निघाली. अभयनं जाळी उचलली, तशी अंग सुकल्या सुकल्या ती आईबापांमागं तुरुतुरु गवतात गेली. चौथं अंडं तसंच राहिलं. मार्थाबाईंनी ते उचलून पदरात धरलं, थोडं रडल्या आणि कडुनिंबाखाली पुरलं.

"आता बसवू ब्लॉक?" अभयनं विचारलं.

"बसव. टिटवीचा हा कोपरा सोडून."

"काकू, पावसात चिखल होईल इथं."

"होऊ दे. चपला धुता येतात."

अभय पाव तास भांडला. मग हैदरकडून चुना आणून त्यानं कोपऱ्याभोवती रेघ मारली. मार्थाबाईंना ती अपुरी वाटली. त्यांनी पायानं पुसली आणि दोन हात पुढं मारायला लावली.