बाबांची सुट्टी आणि मुलीचं शिबिर

प्राची संध्याकाळी जेवत नव्हती, म्हणून तिला शिबिरात घातलं होतं. हे कारण तिच्या आईनं, लतानं, मला गोठ्यात उभं राहून सांगितलं. नवरा फौजेत, फिल्ड पोस्टिंगवर. फिल्ड पोस्टिंग म्हणजे जिथे बायकापोरांना सोबत नेता येत नाही अशी नेमणूक. घरी लकवा मारलेली सासू, धानाची शेती, म्हशी आणि पाचवीतली ही एक पोरगी. बाबांचा फोन आल्याशिवाय ती ताटाला हात लावायची नाही. तिकडे नेटवर्क नसलं की फोन नाही, आणि फोन नाही तर जेवण नाही. पोरगी वाळत चालली होती.

"म्हशीले चारा टाकू, बुढीले कुशीवर वळवू, का इचं तोंड पाहत बसू, मॅडम?" लता म्हणाली. "तिथं चार पोरींसंग बसंल तं खाईन तरी."

मी लिहून घेतलं. लिहून घेणं हेच माझं काम. मी इव्हॅल्युएटर आहे. एक कंपनी पैसे देते, एक संस्था काम करते आणि काम खरंच झालं का, हे बघायला तिसरा माणूस जातो. तो तिसरा माणूस मी. शिबिराआधी मूल कसं होतं ते नोंदवायचं, त्याला बेसलाइन म्हणतात. शिबिरानंतर कसं झालं ते नोंदवायचं, ती एंडलाइन. मधल्या काळात फक्त बघायचं, हात लावायचा नाही. माझे बाबा ढिवर, मासेमारी करायचे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. एम.एस.डब्ल्यू., फर्स्ट क्लास. एवढं शिकून मिळालेल्या कामाचे नियम मी मोडत नाही.

शिबिर नवेगाव बांधजवळच्या एका शाळेत होतं. उन्हाळ्यात शाळा रिकामी असते. मुलं सगळी फौजी घरांतली. शिबिरप्रमुख एक निवृत्त सुभेदार, देवरीकडचे. पहाटे पीटी, मग नाश्ता, खेळ, चित्रकला, संध्याकाळी पुन्हा पीटी. पालकांनी भेटायला यायचं ते फक्त समारोपाला. एकाची आई आली की बाकीची दहा रडतात, म्हणून हा नियम. नियमात मला चूक दिसली नाही.

आणि प्राची जेवायला लागली. भात, वरण, वर लोणचं मागून घ्यायची. मी चांगला शेरा लिहिला.

मग ती पुन्हा जेवायची थांबली. ताईनं, म्हणजे मुलींची काळजी घेणाऱ्या बाईनं, कारण सांगितलं: घरची आठवण. मी प्राचीजवळ जाऊन बसले. काय झालं विचारलं.

"बाबा पाळीवर येते," ती म्हणाली.

पाळ म्हणजे तलावाचा बांध. शाळेच्या तारेच्या कुंपणापलीकडेच ती आहे. वडील दूर असलेल्या मुलांना वडील दिसतात, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे. त्याला नावही आहे. ते मी लिहिलं. तरी संध्याकाळच्या पीटीला मी पाळीवर चक्कर मारली, कारण बघणं माझं काम.

मोहाच्या झाडाखाली एक मोटरसायकल होती. तिच्या बाजूला बारीक कापलेल्या केसांचा एक माणूस ताठ उभा होता. मी कोण, हे सांगितल्यावर तो आणखी ताठ झाला. तो प्राचीचा बाप होता.

"तुम्ही आले कधी?" मी विचारलं.

शिबिर सुरू झाल्यावर त्याची सुट्टी मंजूर झाली होती. साळ्याचं, म्हणजे लताच्या भावाचं, लग्न होतं, म्हणून त्यानं मागितली होती. लग्न झालं. आता जायला आठवडा उरला होता आणि समारोप त्यानंतर होता.

"मग इथं काऊन उभे राहता? गेट तिकडं आहे."

"भेटीचा टाइम नाई ना जी. कागदावर लिहून हाय." तो म्हणाला. "आमच्या ट्रेनिंगमंदी माहा बाप आलता. उस्तादनं गेटवरूनच वापस धाडलन. बरोबर केलन त्यानं."

रोज तो पीटीच्या वेळी येत होता. पोरीनं पहिल्या दिवशी हात हलवला, तर त्यानं लांबूनच खूण करून हात खाली घ्यायला लावला. रांगेत हात हलवायचा नसतो. नंतर तिनं हलवला नाही.

मी सुभेदार साहेबांकडे गेले. ते खुर्चीत बसून शिट्टी पुसत होते.

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "पयल्या दिवशीच ओळखलं. उभा राहाची पद्धतच सांगते."

"मग आत बोलावलं का नाही?"

"त्यानं अर्ज कुठं केला? अर्जाबिगर मी कसा बोलवू?"

म्हणजे एकाला अर्ज हवा होता आणि दुसऱ्याला हुकूम. दोघंही फौजी. दोघांच्या मधे तारेचं कुंपण आणि एक उपाशी पोरगी. लताला फोन केला, तर ती म्हणाली की घरात याच गोष्टीवरून रोज भांडण आहे. "म्या म्हटलं, जा ना, पोरीले घेऊन ये. तं मले नियम वाचून दाखवते."

सुभेदार साहेबांची आणखी एक अडचण होती, ती त्यांनी नंतर सांगितली. मूल मधेच घरी गेलं की त्याला ड्रॉपआउट म्हणतात. ड्रॉपआउट वाढला की शिबिराचे मार्क कमी होतात आणि कंपनी पुढच्या वर्षी पैसे देत नाही. हे मार्क देणारी मीच.

मी नागपूरला आमच्या डायरेक्टर सरांना फोन लावला. सर म्हणाले, मधे पडू नका, डेटा खराब होईल.

"सर, शिबिराचा उद्देश काय लिहिलाय? वडील दूर असल्याचा त्रास कमी करणे. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर वडील आहेत."

"तुम्ही भावनिक होताय, मॅडम."

"माझी डिग्री रडून मिळालेली नाही, सर. मी पद्धतीबद्दल बोलतेय."

फोन ठेवला. मी पद्धतीची पुस्तिका उघडून बघितली. एंडलाइनमध्ये पालकांची मुलाखत घ्यायची असते. जागा: शिबिराचा परिसर. मूल हजर असावं. तारीख ठरवायचा अधिकार इव्हॅल्युएटरला. मी सुभेदार साहेबांना लेखी अर्ज दिला आणि पाळीवरच्या माणसाला तोंडी हुकूम दिला. तो पाचच मिनिटांत गेटवर आला, शर्ट खोचून.

आत आल्यावर त्यानं आधी साहेबांना सॅल्यूट केला. साहेबांनी युनिट विचारलं. मग कुठल्या कुठल्या पोस्टिंगच्या गोष्टी निघाल्या. प्राची बाजूला उभी. शेवटी साहेबांचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"पोरीले उभी काऊन ठेवली?" ते त्याला म्हणाले, मग तिला, "बाप तुहा हाय, माहा नाई. जा."

ती गेली आणि बापाच्या पोटाला डोकं लावून उभी राहिली. त्यानं हात कुठे ठेवायचा याचा थोडा विचार केला, मग तिच्या डोक्यावर ठेवला. मी मुलाखतीचे प्रश्न विचारले नाहीत. तिची पेटी घरी न्यायला मोटरसायकलला बांधून दिली; मार्क देणारीच बांधतेय म्हटल्यावर साहेबांनी अडवलं नाही.

संध्याकाळच्या हजेरीला सुभेदार साहेबांनी रांगेला विचारलं, "आणखी कोनाचे बाबा सुट्टीवर येऊन राहिले?"

बरेच हात वर गेले. कुणी आधी बोललं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. शिबिर मे महिन्यात ठेवलं, कारण तेव्हा शाळा बंद असते. पण लग्नंही तेव्हाच असतात, आणि फौजी लग्नांसाठीच सुट्टी काढतात. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तारखा ठरवणाऱ्या नागपूरच्या मीटिंगमध्ये गावातलं कुणी नव्हतं.

दोन दिवसांत अर्धं शिबिर रिकामं झालं. बाप जायच्या दिवशी प्राची स्वतःहून परत आली. स्टेशनला जाताना त्यानंच तिला गेटवर सोडलं. बाकीचीही बरीच आली.

कंपनीच्या मीटिंगमध्ये रिपोर्ट उघडला तेव्हा एका साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, इतकी मुलं पळून गेली आणि तुम्ही शिबिर यशस्वी म्हणता?"

"पळून नाही गेली. बापाकडे गेली."

"पण आकड्यात तर हा ड्रॉपआउटच आहे."

"आकडा बरोबर आहे. त्याचं नाव चुकलंय."

सुभेदार साहेब माझ्या बाजूला बसले होते. पैसे बंद झाले तर पुढच्या वर्षी ही मुलं कुठे जातील, एवढंच त्यांनी विचारलं. आमचे डायरेक्टर सर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, मॅडमनी पद्धत पाळली आहे. चर्चा लांबली. चहा दोनदा आला.

मी त्यातून एवढंच शिकले, की मोजायला बसण्याआधी चांगलं कशाला म्हणायचं ते ठरवावं. नाहीतर मूल बापाला भेटलं तरी मार्क कापले जातात.

शिबिर बंद झालं नाही. ड्रॉपआउटचा रकाना काढून टाकला. आता पत्रकावर पहिलाच नियम आहे: वडील सुट्टीवर आले की मुलाला त्याच दिवशी घरी सोडायचं, अर्जाशिवाय, आणि ते परत गेले की मुलाला पुन्हा आत घ्यायचं. हा नियम लागू झाला आहे आणि पाळला जातो.