जमिनीच्या नावावर टाकलेलं पाणी

खोऱ्यात वर्षभर पडलेल्या पावसातून नदीनं नेलेलं वजा करायचं, ऊन आणि झाडांनी उडवलेलं वजा करायचं. उरेल ते जमिनीत मुरलं म्हणायचं. पाणी खात्यात हा ताळेबंद ताईंकडे असे. हिशेबात चूक झालीच, तर तीही जमिनीच्याच नावावर पडते, हे ताई पुरतं ओळखून होत्या. जमीन बिचारी तक्रार करायला थोडीच येते?

यंदा उरलं भरपूर. साहेब खूश. "एवढं मुरलंय, तर नव्या बोअरना परवानगी देऊन टाकू!" अर्जदारांत पहिला होता ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. त्याची गुलाबांची रोपवाटिका पाण्यावाचून सुकत चालली होती, आणि हा गडी बोअरचं मशीनसुद्धा ठरवून मोकळा झाला होता.

ताईंनी मात्र साहेबांकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली. एवढं पाणी मुरलं असतं, तर विहिरी वर आल्या असत्या. त्या तर ढिम्म होत्या.

पुढच्या जोरदार सरीला ताई भावाच्याच स्कूटरवर मागे बसून खोऱ्याच्या वरच्या कडेला पोचल्या. नकाशात अख्खा उतार आपल्या खोऱ्यात होता. प्रत्यक्षात नव्या रस्त्याच्या गटारानं उताराचं सगळं पाणी गोळा केलं होतं आणि रस्त्याखालच्या पाइपातून ते धो धो पलीकडच्या खोऱ्यात पडत होतं.

"अगं, हे तर पलीकडे चाललंय!" भाऊ ओरडला.

"सासरी निघालंय. आणि आपण अजून माहेरच्या खात्यात धरून बसलोय."

भावानं स्कूटर वळवली. मग हळूच म्हणाला, "ताई, आपण इकडे आलोच नाही, असं समजूया ना. साहेबांना कुठे कळतंय?"

"साहेबांना नाही कळणार. तुझ्या बोअरला कळेल."

ताईंनी तो उतार हिशेबातून काढला. जमिनीच्या वाट्याला जेमतेम उरलं. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण सही केली. सगळ्या बोअर नामंजूर. भावाची सगळ्यात आधी.

आठ दिवस भावानं फोन उचलला नाही. नवव्या दिवशी स्वतःच दारात उभा.

"ते गटार परत इकडे वळवलं तर?"

"वळव की. रस्तेवाल्यांशी भांडावं लागेल. बोलायला मी येते."

"मग पुढच्या वर्षी मिळेल बोअर?"

"पुढच्या वर्षी मोजीन," ताई म्हणाल्या. "आत ये आधी, चहा टाकते."