क्लोरीनची सावड

माझी मुलगी मंगरूळपीरला अकरावी सायन्सला आहे. पहिल्या चाचणीत ती रसायनशास्त्रात नापास झाली आणि घरी येऊन म्हणाली, आर्ट्सला जाते. बदलाचा अर्ज द्यायला एकच दिवस उरला होता. तिचे बाबा म्हणाले, "तुयी मर्जी." तिनं सायन्स सोडू नये असं मला वाटत होतं. पण मी चौथीपर्यंत शिकलेली. ज्या इंग्रजी पुस्तकातली एक ओळ मला वाचता येत नाही, ते सोडू नको असं कोणत्या तोंडानं सांगणार?

संध्याकाळी मी ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होते. ती शेजारी पुस्तक घेऊन बसली आणि थोड्या वेळानं तिनं ते आपटलं.

"काहून व?"

"खोटं लिहून ठेवलं हाये. हे पाय. क्लोरीनच्या अणूले बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात. त्याले आठ पायजेत. मंग दोन क्लोरीन जवळ येतात, दोघंही आपला एकेक मधात ठेवतात, अन् म्हणे दोघांचेही आठ झाले. सात अन् सात चौदा. आठ अन् आठ सोळा. वरचे दोन आले कुठून?"

चित्रात दोन गोल एकमेकांत थोडे शिरलेले होते आणि भोवती ठिपके. मी बोटानं मोजले. सगळे मिळून चौदाच. एकच गोल मोजला तर आठ. दुसरा मोजला तरी आठ. मधले दोन ठिपके दोन्ही गोलांत येत होते.

मला आमची सावड आठवली. मी लग्न होऊन आले तेव्हा घरी एकच बैल होता. शेजारच्या घरीही एकच. एका बैलानं वखर चालत नाही, म्हणून दोन्ही घरांनी बैल जुंपून जोडी केली होती. कोणी कोणाला बैल विकला नव्हता की दिला नव्हता. पोळ्याला ती जोडी दोन्ही दारांत यायची आणि दोन्ही घरची पुरणपोळी खायची. पाहुण्यांनी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "आमच्याकडं जोडी हाये." शेजारीणही तेच सांगायची.

मी हे मुलीला सांगितलं आणि विचारलं, "मंग गावात बैल किती?"

"दोन."

"अन् घरोघरी जाऊन मोजले तं?"

तिनं बोटांवर मोजलं. "चार." मग हळूच म्हणाली, "अन् दोघीही खोटं नव्हत्या बोलत."

"कायले बोलतील? शेत दोघींचंही वखरून होत होतं."

मला धीर आला. "म्हणजे क्लोरीनचंही तसंच. चार दिवस याच्याकडं, चार दिवस त्याच्याकडं."

ती खळखळून हसली. "नाही व माय! तिथं पाळी नसते. मधातले दोन एकाच वेळी दोघांचे. म्हणून तं ते दोघं एकमेकांले सोडत नाहीत."

हे मला नीट डोळ्यांपुढं आणता आलं नाही, अजूनही येत नाही. आमचे बैल एका वेळी एकाच शेतात असायचे, आणि आधी कोणाचं यावरून धुसफूस व्हायची.

"मंग सावड मोडली कशी?" तिनं विचारलं.

"त्यांनी ट्रॅक्टर घेतला. त्यांचा बैल त्यांच्याकडं, आपला आपल्याकडं."

"पुन्हा सात-सात. मंग?"

"मंग काय, तुये बाबा एकच बैल असलेला दुसरा कोणी धुंडत गावभर फिरले."

"क्लोरीनही तेच करते," ती म्हणाली आणि पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं. नंतर तिनं ऑक्सिजनचं चित्र स्वतःच काढलं. त्याला सहाच असतात, म्हणून दोघांनी दोन-दोन मधात ठेवायचे. ते तिनं मला विचारलं नाही, सांगितलं.

सकाळी तिचे बाबा गाडी पुसत म्हणाले, "चाल, अर्ज देऊन टाकू आज."

तिनं दप्तर खांद्याला लावलं. मी दारातच उभी होते. मीच म्हणाले, "एक परीक्षा अजून देऊ द्या तिले सायन्सची."

ते फडकं हातात घेऊन माझ्याकडं वळले. "तू कवापासून कॉलेजात जाऊन राह्यली?"

"कालपासून," मुलगी म्हणाली आणि गाडीवर बसली.

अर्ज तिनं दिला नाही. पुढच्या चाचणीत काय होईल ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही. पण ती आता माझ्याशेजारी बसून मोठ्यानं अभ्यास करते, आणि मी मधूनमधून चुकीचं बोलायला घाबरत नाही.