नर्सबाईंचे गमबूट

आमच्या दवाखान्यात औषधं संपायची, किस्से मात्र कधी संपले नाहीत! दवाखाना पालीच्या बाजाराच्या टोकाला, कोल्हापूरच्या रस्त्याला लागून. बाजाराला आलेला माणूस ठणठणीत असला तरी घटकाभर टेकायचा आणि जाताना काहीतरी सांगून जायचा. मी तिथं कंपाउंडर. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवून होईपर्यंत समोरचा माणूस गप्प बसत नाही, हा माझा जन्माचा अनुभव. आता ती मिक्श्चरं कशी करायची हेसुद्धा मी विसरलो, पण मथूताई नर्सबाईंच्या बुटांची एक गोष्ट काढली की मागोमाग दुसरी निघतेच.

मथूताई आमच्याकडे आल्या तेव्हा मोटारी नुकत्या घाटातून यायला लागल्या होत्या. त्याही रस्त्यापुरत्या. वाड्यांवर जायचं तर पायवाट, आणि पावसाळ्यात पायवाट म्हणजे चिखलच. बाई तरुणपणी विधवा झालेल्या, मुंबईला जाऊन नर्सचं शिकून आलेल्या, अंगानं किरकोळ. पण कुठूनही बाळंतिणीचं बोलावणं आलं की बॅग उचलून चालायला लागायच्या. त्या येण्याआधी वाड्यांवर कितीतरी बायका पहिल्या बाळंतपणातच जायच्या.

पहिल्याच पावसाळ्यात बाईंच्या पायांना चिखल्या झाल्या. चिखल्या आम्हा सगळ्यांनाच होतात, पण बाईंच्या डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात जखम झाली, ती चिघळली आणि काही केल्या भरेना. आमचे डॉक्टर माणूस सज्जन, पण बोलणं करवतीसारखं. ड्रेसिंग करता करता त्यांनी सांगून टाकलं की जखमेला पुन्हा चिखल लागला तर बोटं काढावी लागतील, तेव्हा यापुढं बाईंनी पावसाळाभर दवाखान्यातच बसावं.

बाई म्हणाल्या, "मला कुठं चिखलात जायची हौस आहे डॉक्टर? बाळंतिणीच चिखलापलीकडे राहतात."

डॉक्टरांनी पट्टीची गाठ मारली आणि स्वतःच्या बुटांकडे बघितलं. 

* * *

मग सुरू झाला पायताणांचा शोध. वहाणा आधीच बाद झाल्या होत्या. चिखलात पाय घातला की पाय वर यायचा आणि वहाण आतच राहायची. डॉक्टरांनी आपले कातडी बूट देऊ केले. बाईंनी तीन पायमोजे चढवून ते घातले आणि एका वाडीवर जाऊन आल्या. बूट भिजून एवढे जड झाले की परतताना बाई दर बांधावर बसत बसत आल्या. आमचा शिपाई धोंडू, त्यानं प्रेमानं ते बूट चुलीवरच्या शिंकाळ्यात वाळत टाकले. दुसऱ्या दिवशी ते इतके कडक झाले होते की डॉक्टरांनी टेबलावर ठेवले तर टक्क आवाज आला. डॉक्टरांनी ते पुन्हा कधी घातले नाहीत.

धोंडूनं हार मानली नाही. बाजारातून साधे बूट आणले आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना मुशी माशाचं तेल चोपडलं. होडीला चोपडतात तेच! पाणी खरंच बरंच अडलं. पण बाई निघाल्या आणि बाजारातली दोन मांजरं मागं लागली. हाकलली तरी जाईनात. वाटेत आणखी मिळत गेली. बाई बाळंतिणीच्या घरी पोचल्या तेव्हा म्हातारीनं आधी दारातली मांजरं पाहिली, मग बाईंना पाहिलं आणि आत ओरडून सांगितलं, "दूध झाका गो, नर्सबाय इली!"

ते बूट धोंडूनं स्वतःच्या हातानं पुरले.

* * *

आता खऱ्या बुटांची गोष्ट. रत्नागिरी बंदरावरचे दाऊदभाई आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. त्यांची लेक आमच्याच भागात दिलेली, ती अडली तेव्हा बाईंनीच तिची सुटका केली होती. दाऊदभाई सुटीवर आले, नातवाला बघायला गेले आणि तिथून बाईंच्या पायाची हकिगत ऐकून आले. पुढच्या खेपेला त्यांनी काठीला तीन जोड लटकवून आणले. काळे, चकचकीत, गुडघ्यापर्यंत उंच, आणि संबंध रबराचे. शिवण कुठंच नाही! आगबोटीचा डेक धुताना गोरे खलाशी हेच घालतात, म्हणाले. यातला एक तरी बाईंना होईलच.

त्या दिवशी दवाखान्यात एकाही रोग्याला रोग आठवला नाही. तापकरी उठून बसले. बूट आधी हातोहात फिरले. कुणी वास घेतला, कुणी नखानं टोकरून बघितलं. एका म्हाताऱ्यानं बुटात कोपरापर्यंत हात घातला आणि आतून म्हणाला की आत कोरडं आहे. बाहेर मुसळधार पडत होता, आणि कोरडं हा शब्द तो असा म्हणाला की सगळे आपापला हात आत घालायला पुढं सरले.

पाणी खरंच आत जात नाही ना, हे बघायचं कसं? धोंडूनं विचार केला आणि एका बुटात कळशीभर पाणी ओतलं. बूट काठोकाठ भरला. खाली एक थेंब नाही! रोगी बुटाभोवती वाकून बघत राहिले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हे सगळं फार छान झालं, फक्त तो बूट पुढं चार दिवस आतून वाळेना. शेवटी गरम केलेला भाताचा कोंडा आत भरून वाळवला. आमच्याकडे पाणी आत जाऊ न देणं सोपं असतं, आत गेलेलं काढणं कठीण.

पहिला जोड एवढा मोठा की बाई एकाच बुटात दोन्ही पाय घालू शकल्या असत्या. दुसरा लांबीला बरोबर, पण बोटं आवळत होता आणि दुखरा पाय तर आवळून चालणारच नव्हता. तिसऱ्यात बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा राहिली आणि टाचही उचलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हाच. बाईंनी मात्र लुगडं सावरलं आणि सगळ्यांदेखत बूट घालून उकिडव्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"चालायला कुठलाही चालेल," त्या म्हणाल्या, "माझं काम बसून आहे."

तिसरा जोड ठरला. दाऊदभाईंनी उरलेले दोन काठीला लावले आणि निघताना बाईंना लवून सलाम केला.

* * *

बूट घालून बाई पहिल्यांदा वाडीवर गेल्या तेव्हा बॅग घेऊन मी बरोबर होतो. वाटेत माणसं कामं टाकून बांधावर उभी राहिली. मी गुडघाभर चिखलात अडखळतोय आणि पुढं बाई सपासप चालल्यात! खरं सांगतो, मला त्या वेळी त्या माणसातल्या वाटल्याच नाहीत.

घरी पोचलो. बाईंनी पडवीत बूट काढले. घरातली म्हातारी पाय धुवायला तांब्या घेऊन आलेली, ती थबकली. पायमोज्यावर चिखलाचा शिंतोडा नव्हता. तिनं खाली बसून बाईंचा पाय दोन्ही हातांनी चाचपला. एवढ्या पावसातून माणूस आलं आणि पाय सुका, हे तिच्या मनाला पटेना. मग तिनं हात जोडले.

आणि मग तिनं त्या सुक्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं. आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायचं ते द्यायचंच! डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, स्वच्छ पाणी चालेल, पुसून घेत जा. तेव्हापासून बाईंच्या बॅगेत पंचा आला. पावसानं न भिजलेले पाय त्या पावसाळ्यात घरोघरी पाहुणचारानं भिजले.

* * *

त्या पावसाळ्यात बाईंच्या हातची एकही बाळंतीण दगावली नाही. आम्ही याचं श्रेय बाईंना देत होतो. वाड्यांवर ते बुटांना मिळायला लागलं. बूट पडवीत न ठेवता बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी ठेवा, असा आग्रह सुरू झाला. एका घरी तर बूट दाराशी असताना कोंबडी बुटात शिरून अंडं घालून गेली, मग काय विचारता!

एकदा बाई तापानं फणफणून पडल्या होत्या. एक माणूस धावत आला, बायको अडलीय म्हणाला. मी त्याला समजावलं की बाईंना उठायची ताकद नाही, डॉक्टर कोर्टाच्या साक्षीला रत्नागिरीला गेलेत, तिला डोलीत घालून इकडे घेऊन ये. तो बिचारा घाम पुसत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बाय नाय तं नाय. बूट तरी द्या."

मी हसलो नाही. त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "बूट एकटे जायचे नाहीत. थांब, आले." आणि त्या तशा तापात गेल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

* * *

आणि ही शेवटची.

लावणीचे दिवस होते. बाईंची जखम भरून आली होती, वर नवी कातडी धरली होती, पण कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता चिखल लागला तर ते स्वतः काही करू शकणार नाहीत. अशात एका वाडीवरून सांगावा आला. पोर आडवं आलं होतं. आम्ही निघालो. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला पूर आलेला, नेहमीची वाट बंद. राहिली एकच वाट, अडलेलीच्या घरच्याच भाताच्या खाचरातून. पलीकडच्या बांधावर घर दिसत होतं.

खाचरात बायका लावणी लावत होत्या, पाठीवर इरली घेऊन. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, डोक्यापासून कमरेपर्यंत येणारं. एका माणसाला ते विणायला दिवस जातो आणि त्यावर त्याचा पावसाळा निघतो.

बाई बांधावर बसल्या आणि बूट काढायला लागल्या.

मी म्हटलं, बाई, हे काय करताय? त्या म्हणाल्या, लावणीच्या शेतात पायताण घालून कुणी जात नाही. मी हात जोडले. म्हटलं, जीव अडलाय, इथं कोण बोलणार आहे? बाई म्हणाल्या, "कुणी बोलणार नाही. पण यांच्या शेतात मी बूट घालून गेले, तर यांच्या घरात कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्यांनी पायमोजेही काढले. तो नव्या कातडीचा पाय मला दिसला आणि मी बूट उचलून पुन्हा त्यांच्यापुढं धरले.

बांधाशीच लावणी लावत होती ती त्या अडलेलीची सासू. सून पलीकडे घरात अडलेली, तरी काढलेला आवा, म्हणजे भाताची रोपं फुकट जातील म्हणून हात चालू होते. तिनं बाईंचा पाय पाहिला. बूट पाहिले.  पाठीवरचं इरलं उतरवलं आणि बाईंच्या पायापुढं चिखलावर पालथं घातलं.

बाई म्हणाल्या, "अहो, मोडेल ते."

"इरला पुना इणता येल, बाय," म्हातारी म्हणाली. "पाय टाक."

बाईंनी पाय टाकला. कामट्या कडकडल्या. तोवर पुढच्या बाईनं आपलं इरलं उतरवून पुढं घातलं होतं. मग तिच्या पुढचीनं. खाचरभर बायका एकेक करून उठत गेल्या आणि इरलं मांडून बाजूला होत गेल्या. कुणी कुणाला हाक मारली नाही. पाऊस असा कोसळत होता की पलीकडचं घर दिसेनासं झालं. त्या पावसात बाई इरल्यांवरून चालत गेल्या, आणि मी शेजारून चिखलातून, एका हातात बॅग आणि दुसऱ्यात बूट घेऊन.

पलीकडच्या बांधावर पोचलो तेव्हा मी मागं वळून पाहिलं. मोडलेली इरली तशीच चिखलात पडली होती, आणि बायका तशाच पावसात भिजत पुन्हा वाकून लावणीला लागल्या होत्या.