अभिनंदन, आधी पैसे पाठवा!

पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, नको म्हटलं तरी रोज येऊन उभे राहतात. नव्वदच्या दशकात मी राहुरीकडच्या एका गावात पोस्टमास्तर होतो. लोकांना लुबाडणारी पत्रं आमच्याच हातून वाटली जायची आणि लोकांचे पैसेही माझ्याच खिडकीतून जायचे. सांगून सांगून घसा बसला, पण ऐकतंय कोण!

पेपरात कोडं यायचं. नऊ चौकोन, बेरीज पंधरा, सोडवा आणि रेडिओ जिंका! एकाच आठवड्यात गावातल्या अकरा जणांना 'पहिलं बक्षीस' लागलं.

मी म्हटलं, "अहो, पहिला नंबर एकाचाच असतो!"

"आमच्या गावात हुशार मान्सं लई हायेत मास्तर, त्याला आमी काय करनार?"

बक्षीस व्ही.पी.नं आलं, आणि ते पार्सल पोस्टात पैसे भरल्याशिवाय फोडता येत नसे. अकराही जणांनी भरले. आत अर्धी अर्धी वीट! दोघं तर माझ्यावरच उखडले, रेडिओ मीच काढून घेतला म्हणून.

मग 'हे पत्र उतरवून एकवीस जणांना पाठवा, नाहीतर सात दिवसांत वाटोळं' सुरू झालं. शाळेतल्या गुरुजींना एक पत्र आलं. शिकलेला माणूस, फाडून टाकेल असं वाटलं. त्यांनी ते चौथीला शुद्धलेखन म्हणून दिलं! पेटीत अडतीस कार्डं पडली. त्यातलं एक मला.

गावातल्या बेकार संतोषला दिल्लीहून नोकरीचं पत्र आलं. दोनशे रुपये आगाऊ पाठवायचे होते.

"अर्ज केला होतास?"

"न्हाई. पन त्यांना कळली आसंल ना माझी परिस्थिती!"

वाईट वाटलं, एवढंच.

शेवटी वैतागून मी बोर्ड लावला, 'पैसे मागणारं पत्र आधी मास्तरांना दाखवा.' दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ म्हणाले, "ह्याच्यावर शिक्का कुठंय? खोटा न्हाई कशावरून?" आमचा पोस्टमन शेखभाई तीन दिवस हसत होता.

यमुनाबाईचा मुलगा दत्तू भांडून घरातून गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तिनं पेपरात 'हरवला आहे' म्हणून दिलं होतं. एक दिवस ती पत्र घेऊन आली. दत्तू सुरतेला आहे, आजारी आहे, शंभर रुपये पाठवा.

मी पत्र दोनदा वाचलं. पेपरात होतं तेवढंच त्यात होतं. पेपरवाल्यांनी एकोणीसच्या जागी चुकून सोळा वय छापलं होतं, पत्रातही सोळाच!

"बाई, हे खोटं आहे. वय बघा."

"माझ्या पोराचं वय मला ठावं न्हाई व्हय, मास्तर?"

तिनं शंभराची नोट खिडकीतून आत सरकवली. रोजानं खुरपायला जाणारी बाई ती.

"अहो, मग कशाला पाठवता?"

"फारम भरा तुमी."

मी मनीऑर्डर भरली. तिनं फॉर्मवर खाली बोट ठेवलं.

"हितं निरोप ल्ह्यायला जागा आसती ना?"

"असते. काय लिहू?"

"ल्ह्या, म्होरल्या खेपंला पत्र जरा मोठं ल्ह्या म्हनावं."