मी स्वतःहून गेले नाही

"भत्ता मागतेयस? अगं, इथे तरी सवलतीशिवाय जगून दाखव."

असं दादा म्हणाला. आइंडहोवनजवळच्या न्यूनेनमधल्या त्याच्या घरामागच्या बागेत, लोकांसमोर. दादा, त्याची बायको आणि एक मराठी जोडपं, असे चौघं खुर्च्यांवर बसले होते. चहा चालला होता. मी फाटकाच्या बाहेर सायकल धरून उभी. आत ये म्हणालं नाही कुणी. कोरोना आहे, अंतर ठेवायचं, हे मलाही कळत होतं. पण पाचवी खुर्ची अंतरावरही ठेवता येते.

त्या जोडप्यातला नवरा हसला. बायको कपात बघत राहिली. आणि मी? मीही हसले. सायकल वळवली आणि निघाले.

मी एक ईमेल मागायला गेले होते. 'कंपनीनेच हिला राजीनामा द्यायला सांगितला.' बस, एवढी एक ओळ.

दादा आमचा टीम मॅनेजर. आइंडहोवनमधल्या त्या डच कंपनीच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायचे, डायरेक्टरलासुद्धा. फक्त आम्ही मराठी लोक ह्याला दादा म्हणायचो. त्यालाही ते आवडायचं. "परक्या देशात आपण आपल्याला धरून राहायचं," असं तो येता-जाता सांगायचा.

मी नवीन असताना कॅन्टीनमध्ये त्याने माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग म्हणाला, "म्हणजे नेमके कुठले तुम्ही?" मी परभणी म्हटलं. त्याला परभणी नको होतं. पुढे एका चौदा एप्रिलला मी स्टेटसला निळा झेंडा ठेवला आणि त्याला हवं ते उत्तर मिळालं. तोंडाने काही बोलला नाही. त्या वर्षी त्याच्या घरच्या गणपतीला टीममधल्या सगळ्या मराठी लोकांना बोलावणं गेलं. मला आलं नाही. मी समजून घेतलं. समजून घ्यायची सवयच लागलेली असते आपल्याला.

मग कोरोना आला. ऑर्डरी आटल्या. ऑफिस घरात आलं आणि एक दिवस दादाचा व्हिडिओ कॉल आला. मराठीतच बोलला. "माणसं कमी करायचीत. तूच राजीनामा दे. काढलं असं रेकॉर्डवर राहिलं तर पुढे कुणी दारात उभं करणार नाही. मोठा भाऊ म्हणून सांगतोय."

मी लेखी मागितलं नाही. दादाकडे काय लेखी मागायचं! आणि पुण्यात पहिल्या नोकरीत मी हेच पाहिलेलं. तिथे कंपनी कुणाला काढत नाही. सगळे स्वतःहून जातात. तोंड बंद ठेवायचं आणि पुढची नोकरी शोधायची. मी राजीनामा लिहिला. 'वैयक्तिक कारणामुळे' हे शब्दसुद्धा त्यानेच सुचवले.

इथला कायदा मला तेव्हा माहीत नव्हता. नोकरी गेली तर बेकारी भत्ता मिळतो. आपण होऊन सोडली तर नाही.

अर्ज भरला आणि तो अडकला. भत्त्याच्या ऑफिसला विचारायचं होतं, बाई, चांगली नोकरी सोडलीस कशाला? कंपनीकडूनही खुलासा हवा होता. तो काही येईना. मी फोन करायचे. आधी रेकॉर्ड केलेलं गाणं, मग एक बाई. "मेव्रौ, तपासणी अजून चालू आहे." मेव्रौ म्हणजे मॅडम. दर वेळी बाई वेगळी, वाक्य तेच. म्हणून शेवटी मी न्यूनेनला गेले होते, त्या एका ओळीसाठी. त्यानंतर कंपनीचा खुलासा लगेच आला. कर्मचारी स्वेच्छेने गेली. अर्ज नामंजूर.

मी एकटी राहत होते. एक खोली, खाली बंद पडलेलं सलून. मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी विचारलं, असं कुणाच्या बाबतीत झालंय का? सगळ्यांनी वाचलं. उत्तर एकाचंही नाही. थोड्या वेळाने कुणीतरी केळफुलाच्या भाजीचा फोटो टाकला आणि त्याच्याखाली मात्र सगळे बोलायला लागले. माझ्याच टीममधल्या निखिलने वेगळा मेसेज पाठवला, "ताई, दादाशी वाकडं नको घेऊ. माझा पण कॉन्ट्रॅक्ट संपत आलाय." मी त्याला अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

पुढे भाजी पॅक करायच्या एका शेडमध्ये काम मिळालं. राहायचे कागद पक्के होते म्हणून निदान ते करता आलं. तिथे सगळे मास्कमध्ये. हिवाळा संपला तरी तिथल्या एकाही माणसाने माझा चेहरा पाहिलेला नव्हता. सुपरमार्केटात स्वतः स्कॅन करायची सोय होती, पण मी मुद्दाम माणूस बसलेल्या काउंटरच्या रांगेत लागायचे. काचेपलीकडून ती मुलगी "डाग", म्हणजे डचमध्ये नमस्कार, म्हणायची, मीही "डाग" म्हणायचे. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून तेवढाच एक शब्द बाहेर पडायचा. आईचा व्हिडिओ कॉल आला की ऑफिसचा शर्ट अंगावर चढवायचा. "काम कसं चाललंय?" "मस्त." कॉल संपला की मी तशीच बसून रडायचे. शर्ट काढायचंही भान नसायचं.

मोफत कायदेशीर सल्ल्याच्या फोनवर एक डच बाई भेटल्या. मी त्यांना तीनदा सॉरी म्हटलं. त्या वैतागून म्हणाल्या, "सॉरी कशाबद्दल? हा विमा आहे. तुम्ही काम केलंत, त्यावर हप्ता भरला गेलाय. तुम्ही कुणाकडे काही मागत नाही आहात."

मी फोन ठेवला आणि डोकं तडकलं. म्हणजे दादाचं 'सवलत' खोटं होतं आणि ते मी गिळलं होतं. त्याच्या आधीची असली बोलणीही गिळली होती. कॉलेजात "तुमचं काय बाबा, तुम्हाला स्कॉलरशिप" म्हणायचे, तेव्हाही मी हसायचे. माझ्या आजोबांना वर्गाबाहेर बसवून शिकवलं होतं. त्यांच्या नातीला मिळालेली शिष्यवृत्ती ही कुणाची मेहेरबानी नव्हती. आणि हा भत्ताही नाही. मी निकालावर आक्षेप नोंदवला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दादाचा फोन. "आक्षेप मागे घे. हार्लेमला मित्राची कंपनी आहे, तुझं नाव सुचवतो. आपलं भांडण गोऱ्यांसमोर कशाला?"

खोटं कशाला बोलू, मन हललं. पुन्हा ऑफिस, पुन्हा माणसं. कुणीतरी नावाने हाक मारेल. मी गप्प होते. त्याला वाटलं जमलं. म्हणाला, "शहाणी आहेस. तुमच्यातल्या बाकीच्यांसारखी नाहीस तू."

"मागे घेणार नाही," मी म्हटलं. "आणि यापुढे मला अगं म्हणू नका."

सुनावणी फोनवरच झाली. भत्त्याच्या ऑफिसचा अधिकारी, कंपनीतर्फे दादा आणि मी. तो गोड इंग्रजीत म्हणाला, ती मला धाकट्या बहिणीसारखी, तिला घरची फार आठवण यायची. अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुम्ही इंजिनिअर आहात. कुणी सांगितलं म्हणून राजीनामा लिहिलात?" मी दादा म्हणजे काय ते सांगितलं. मग बागेतलं त्याचं वाक्य आधी मराठीत म्हटलं, जसंच्या तसं, आणि मग त्याचा अर्थ सांगितला. दादा म्हणाला, "मला आठवत नाही."

आक्षेप फेटाळला. पुरावा नाही.

सल्ल्याच्या बाई म्हणाल्या, कोर्टात जाता येईल, पण साक्षीदार नसेल तर बहुधा हराल. त्याच आठवड्यात निखिलचा फोन आला. त्याचं कॉन्ट्रॅक्ट मधे वाढलं होतं, पण आता घाबरला होता. "ताई, मला पण राजीनामा लिहायला सांगितलंय. सेम टु सेम."

"लिहू नकोस. काय ते ईमेलवर द्या म्हणावं."

"हो."

"आणि मला पण हेच सांगितलं होतं, हे तुला माहीत होतं. कोर्टात बोलशील?"

"ताई, माझी बायको प्रेग्नंट आहे," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मला राग आला. मग रागही गेला. त्याचं पोट कुणाच्या हातात आहे ते मला ठाऊक आहे.

मी बाईंना सांगितलं, केस दाखल करा. त्यांनी विचारलं, "साक्षीदार?" मी म्हटलं, मी.

एकटी तर एकटी. भत्ता माझा आहे, तो मला हवाय. पण त्याआधी मला काढलं हे न्यायाधीशासमोर त्या माणसाच्या तोंडावर सांगायचंय. हरले तर वर अपील करीन. तिथेही हेच सांगीन. मागे घेणार नाही.