नत्थूजींची हजेरी

गाडीत वायरलेस सेट बसवून झाला की नत्थूजी चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसत, माइक तोंडाशी धरत आणि विचारत, "कोण आलं?" ते गाडीत आणि मी दुकानात टेबलावरच्या सेटसमोर. मध्ये फार तर वीस पावलं. खिडकीतून मला त्यांचं टक्कल दिसत असे. माझ्या पडद्यावर त्या सेटचा नंबर उमटायचा आणि तो मी माइकवर सांगायचे. "पाच." मग ते म्हणत, "पाचच पायजे. बराबर आलं." चपला घालून उतरत आणि पुढची गाडी घेत. याला ते हजेरी म्हणत.

पांढुर्ण्यात आमचं दुकान अगदी लहान होतं. मालक दिवसातून एकदा चक्कर मारायचे, बाकी सगळं आम्हा दोघांवर. सेट बसवायचं काम नत्थूजींचं, त्यात लॅपटॉपवरून नंबर आणि चॅनल भरायचं माझं. लॅपटॉपला त्यांनी कधीच बोट लावलं नाही. "थे मले इंग्रजीत इचारते. मी त्याले कवा मराठीत तरास देला?" असं त्यांचं म्हणणं.

अख्खा सेट गाडीच्या डॅशबोर्डवर मावत नाही, म्हणून त्याचे दोन भाग असतात. जड पेटी सीटखाली आणि बटणं, पडदा असलेला छोटा तुकडा ड्रायव्हरपुढे. मध्ये केबल. आम्ही त्यांना धड आणि मुंडी म्हणायचो. एका ठेकेदाराला नव्या कोऱ्या जीपमध्ये भोक पाडलेलं नको होतं. नत्थूजींनी त्याच्या हातात मुंडी ठेवली. म्हणाले, "मंग हे खिशात घेऊन फिरा साहेब. केबल लांब देतो." ठेकेदार हसला आणि भोक पडलं.

मला मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "मंदा, नंबर धडात रायते. मुंडी सारखीच दिसते, तिच्यावर भरोसा ठेवू नोको." दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी ते खिशात बाळगत. तिच्यावर पेनाने नंबर लिहून एक तुकडा धडाला लावत, एक मुंडीला. आणि तरी हजेरी घेतच. मला तो पोरखेळ वाटायचा. पट्टी लावली, फाइल भरली, आता आणखी काय विचारायचं? मी तसं बोलूनही दाखवलं होतं. त्यावर ते म्हणाले, "पट्टी आपण लावतो. आपण चुकतो. सेट खोटं बोलत नाही."

ते तिगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून सायकलने येत. घरी दोघंच होते, ते आणि इंदिराबाई. एकुलती एक मुलगी रेखा सौंसरला दिलेली. इंदिराबाईंना दम्याचा त्रास होता. एका हिवाळ्यात तो वाढला आणि नत्थूजींनी आठवडाभर सुट्टी घेतली. अकरा वर्षांतली ती पहिलीच.

त्याच आठवड्यात एका खासगी रुग्णवाहिकावाल्याच्या दोन गाड्या आल्या, चार नंबर आणि सात नंबर. चॅनल बदललं होतं, नंबर आणि चॅनलची नवी फाइल सेटमध्ये भरायची होती. मी दोन्ही धडं काढून टेबलावर आणली. धुळीने भरली होती म्हणून स्पिरिटने पुसली, तशा पट्ट्याही निघून आल्या. फाइली भरल्या. त्यातलं कोणतं धड चारचं आणि कोणतं सातचं, याची मला खात्री होती. ड्रायव्हर दारात उभे राहून "ताई, झालं का?" करत होते. नव्या पट्ट्या लावल्या, धडं सीटखाली बसवली, गाड्या गेल्या. हजेरीला दोन माणसं लागतात आणि मी एकटी होते. ड्रायव्हरला बसवता आलं असतं. मी बसवलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी चार नंबरची गाडी इंदिराबाईंना आणायला गेली. नत्थूजी त्यांच्याजवळ मागे बसले. परत येताना उतारावर इंजिन बंद पडलं. त्या खोलगट भागात मोबाइल लागत नाही आणि सेटवर आवाज फाटत होता, म्हणून ड्रायव्हरने संकटाचं लाल बटण दाबलं. त्याचा इशारा रुग्णवाहिकावाल्याच्या नियंत्रण कक्षात पोचला. पडद्यावर सात नंबर आला. सात नंबर त्या वेळी मोहगावकडे गेली होती. मदतीची गाडी मोहगावच्या रस्त्याला धावली.

शेवटी संत्र्याची पिकअप आली. तिच्यातले कॅरेट रस्त्याच्या कडेला उतरवून तिने त्यांना पांढुर्ण्यात आणलं. तोवर चाळीस मिनिटं गेली होती. इंदिराबाई गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चार नंबरचा ड्रायव्हर दुकानात आला. "ताई, बटन मी दाबलं अन् थे सातले धुंडून राह्यले होते. सेटात काही गडबड असन." मी म्हणाले, "पाहते." बाकी काही बोलले नाही. गाड्या बोलवायलाही माझा हात फोनकडे गेला नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी घरी गेले, भाकरी टाकल्या, जेवले, झोपलेही.

तेरावं झाल्यावर नत्थूजी कामावर आले आणि त्यांनी स्वतः त्या दोन गाड्या बोलावल्या. चार नंबरमध्ये बसले. चपला काढल्या.

"कोण आलं?"

माझ्या पडद्यावर सात होता.

"चार," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "बरं."

सात नंबरमध्ये बसले. "कोण आलं?" पडद्यावर चार होता. मी सात म्हणाले. "बरं," ते म्हणाले, उतरले आणि दोन्ही ड्रायव्हरांना घेऊन चहाला गेले. चहाला त्यांना कधी दहा मिनिटांच्या वर लागत नसत. त्या दिवशी ते तासाभराने परतले. तोवर मी लॅपटॉप गाड्यांत नेऊन दोन्ही नंबर सरळ केले होते. परत येऊन त्यांनी पुन्हा हजेरी घेतली. "कोण आलं?" "चार." "आता बराबर आलं," ते म्हणाले.

त्या "आता"नंतर सहा वर्षं आम्ही एकाच दुकानात काम केलं. त्यांच्या डब्यातली अर्धी भाजी ते मला देत, पूर्वीसारखीच. रागावले असते, मालकाला सांगितलं असतं तर मला कुठेतरी उभं राहता आलं असतं. मी सेट भरत गेले. हजेरीत खरे नंबर सांगत गेले. आत काही हलत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा ते अंगणात खाटेवर पडले होते. मी बाजूला स्टुलावर बसले आणि म्हणाले, "नत्थूजी, त्या दिवशी सात आलं होतं. मी खोटं बोलले."

"माहीत हाय. गाडीतच पाह्यलं होतं मी. पट्टीवर चार, अन् मुंडीच्या पडद्यावर सात."

"मग बोलला का नाहीत?"

"का बोलू? चाळीस मिनिटं तिचा हात माया हातात होता. दवाखान्यात पोचलो असतो त मले भाएरच उभं ठेवलं असतं त्यायनं." ते दम घेत थांबले. "चुकीचं मले काही नाही, मंदा. चुका मीबी केल्या. पण तू त्या दिवशी सात म्हटलं असतं ना, त मले एकट्यालेच थे माहीत नसतं रायलं. सहा वर्स एकटाच घेऊन फिरलो मी."

"रेखाला...?"

"पोरीले म्या नाही सांगतलं. तिले वाटते, गाडी बंद पडली म्हनून माय गेली."

मी त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि बसने परत आले. पंधरा दिवसांनी ते गेले. मी त्यांच्या अंत्ययात्रेला होते. लोक रडत होते, मी चपला सांभाळत उभी होते. कुणीतरी म्हणालं, "हिचं अन् नत्थूजींचं बापलेकीसारखं होतं." मला लाज वाटली, तेवढंच वाटलं.

त्यानंतर महिनाभर मी रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी काम निघत होतं. कामं मीच काढत होते. मग एका रविवारी सौंसरची बस पकडली. रेखाचं घर विचारत विचारत सापडलं. तिने दार उघडलं, ओळखलं आणि तोंडभर हसली. "या ना मावशी, बसा. बाबा लय नाव काढत तुमचं. चहा मांडते."

"चहा नको," मी म्हणाले. "आधी ऐकून घे."

ती दारातच थांबली. मी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगायला लागले की त्या दिवशी सात आलं होतं.